रकान्यात एकच मेंढी

३ नोव्हेंबर, सोमवार

न्हाय वो, झाडलोट करायला न्हाय. मशीनला शिकवायला जाते मी तितं. फोटोतनं हसू नका. सातवी पास हाय तुमची बायको, तुमच्यापरास तीन यत्ता जास्त.

ही डायरी पूनमनं दिली. गेल्या सालची हाय, वार खोडून नवं घालावं लागतंय. म्हणली, "आई, तू बाबांच्या फोटोशी एवढी बोलतीस, शेजारच्या काकू मला विचारतात, पाहुणे कोण आलेत. त्यापेक्षा लिही." मी म्हणलं, लिवते. जिवंत व्हता तवर तुमचं नाव कवा घेतलं न्हाय. आता घेते. धुळा. धुळा, धुळा. काय करताय करा.

तर हापिस सात रस्त्याजवळ हाय. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या, चार कम्प्युटर. मालक ईश्वरप्पा सर, अक्कलकोटकडचं. मला अव्वा म्हणत्यात, कानडीत आई. मी पयल्याच दिवशी म्हणलं, "सर, तुमचं केस माज्यापरास पांढरं. तुमीच अव्वा म्हणायला लागला तर लोक माजं वय किती धरत्याल?" बिचारं चहाच्या कपात बघत बसलं.

काम असं हाय. गावोगावच्या मेंढरंवाल्यास्नी फोन करायचा. कळपात किती, व्याल्या किती, ताप कुणाला, मेल्या किती. ते आकडं रकान्यात भरायचं. माज्या आधी दोन पोरी व्हत्या. त्या इचारायच्या, "मेंढीचं वय किती महिने?" आता मेंढरंवाला काय सांगणार? जन्माचा दाखला मागतीस व्हय ग मेंढीचा? आमच्यात वय दातावर. दुधाचं दात असलं की अदात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आन् सगळं दात आलं की जुळलेली. पोरींनी महिन्याचा रकाना मोकळाच ठेवला. पूनम तितंच कामाला हाय, मग तीच म्हणली, माझ्या आईला घेऊ.

मी एकेक शब्द सांगते, पूनम त्याचा नियम करून मशीनमधी घालती. दोनदाती म्हंजी वरीस सरलेली. चारदाती म्हंजी दीड वर्साच्या पुढची. मी सांगायची आन् शिकल्यासवरल्या पोरीनं लिवून घ्यायचं. तुमी असता तर जळून खाक झाला असता.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज जरा भ्या वाटलं. हसण्यावारी नेलं, पर वाटलं.

सरांनी मशीनला इचारलं, वर्सावरच्या कुटल्या मेंढ्यांची लस राहिलीया? यादी आली. तिच्यात अशा मेंढ्या व्हत्या की त्यांचं वय मी लिवलंच न्हवतं. मी म्हणलं, "हे मशीन खोटं बोलतंय."

पूनम म्हणली, "आई, तू चारदाती लिहिलंस ना? आणि चारदाती म्हणजे दीड वर्षाच्या पुढची, हेही तूच सांगितलंस. नेमके महिने त्याला माहीत नाहीत. अठरा असतील, बावीस असतील, काहीही असोत. कुठलाही आकडा धरला तरी बाराच्या वरच जातो. म्हणून त्यानं नाव दिलं."

"आन् ही खालची? हिचं नाव का न्हाय?"

"हिचे दात बघितलेच नाहीत. ती अदात असू शकते. एक जरी शक्यता उलटी निघत असली तर ते नाव देत नाही. गप्प बसतं."

सर म्हणले, "हौदु, बरोबर अव्वा, खात्री असल्याबिगर तोंड उघडत न्हाई. माणसानं असं वागावं."

मी म्हणलं, "तसं वागलं तर हापिसात तुमचा आवाजच यायचा न्हाय, सर." सगळे हसले.

पर घरी येताना रिक्षात तेच डोक्यात. मी एक सांगितलं, दुसरं एक सांगितलं, आन् तिसरं मी सांगितलंच न्हाय तरी त्याला कळलं. आपुन तर आयुष्यभर निम्मं सांगून निम्मं पोटात ठिवलं. तुमास्नी बी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नवा नियम घातला. हा दातांचा न्हाय, मरणाचा हाय.

एका कळपात तीन दिसात दोन किंवा जास्त मेंढ्या अचानक मेल्या, आन् मरायच्या आदी ताप एकशे सहाच्या वर गेला, तर तो कळप संशयाचा. आन् संशयाच्या कळपातल्या मेलेल्या मेंढीला ज्यानं सुरी लावली, तो माणूस धोक्यातला. यादी थेट जनावरांच्या डॉक्टरकडं आन् माणसांच्या डॉक्टरकडं जाती. त्या माणसाला तासाभरात फोन.

कारण काळपुळी. मेंढी उभ्याउभ्या पडती, नाकातनं काळं रगत येतं, ते गोठत न्हाय. तसली मेंढी फाडली की रोग माणसात येतो. सरांनी मोठ्या अक्षरात कागद भितीला लावलाय, माज्या खुर्चीच्या म्होरंच. प्रत्येक फोनला मी शेवटी म्हणायचं : "मेलेल्या मेंढीला सुरी लावू नका, खोल खड्डा घ्या आन् पुरा." पोपटागत म्हणते. आज एकवीस जणास्नी म्हणलं.

दुपारी एक गंमत झाली. बिभीषण तात्याचा कळप मंगळवारी एकोणऐंशी व्हता, आज त्यांच्या सुनंनं फोन उचलला तर ऐंशी. पूनम म्हणली, "एक व्याली का?" मी म्हणलं, "न्हाय ग. सून शाळा शिकलेली हाय, तिनं देवाची बी मोजली."

देवाच्या नावानं सोडलेली मेंढी आमी मोजत न्हाय. ती कळपात चरती, कळपात बसती, पर आकड्यात न्हाय. तिची लोकर इकायची न्हाय, तिला दावणीची म्हणायचं न्हाय. किती मेंढरं असं कुणी इचारलं तर ती सोडून सांगायचं. पूनमला तुमी हे कवा सांगितलंच न्हाय, शाळेत घातली न्हवं.

तिनं सरांकडं बघितलं. मी इचारलं, "मी लिवलं न्हाय तर मशीन काय समजतं? न्हाय समजतं?"

सर म्हणले, "लिहिलं न्हाई म्हणजे न्हाई, असं ते मानत न्हाई. म्हाईत न्हाई, असं मानतं. फक्त एक रकाना सोडून. मेल्या किती, तो. तो पूर्ण भरलेला असतो असं आमीच त्याला सांगून ठेवलंय. तिथं एक म्हणजे एकच. ते शंका घेणार न्हाई."

"का बरं?"

"तो रकाना तुमी भरता की अव्वा. तुमच्यावर शंका कशी घेणार?"

मी म्हणलं, "नवऱ्यानं घेतली न्हाय, मशीन काय घेतंय." पर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

१० नोव्हेंबर, सोमवार

अजिनाथचा फोन आला सकाळी. माजा धाकटा. अकरा वर्सानी धाकटा, मीच कडंवर घेऊन वाढवलेला. दिवाळी झाल्या झाल्या कळप घेऊन निघालाय, संगती गुंडा गडी हाय राखणीला. आता नातेपुत्याच्या अलीकडं, एका मोकळ्या रानात बसल्यात.

एक मेंढी गेली. ताप एकशे सहाच्या वर व्हता.

रकान्यात एक लिवलं. सांजच्याला यादी निघाली, तिच्यात त्याचं नाव न्हाय.

आज जास्त लिवायला काय न्हाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पूनमनं इचारलं, "आई, यादीत काय शोधतीस? तिसऱ्यांदा उघडलीस."

मी म्हणलं, "दुसरा नवरा."

ती हसली न्हाय. म्हणली, तुझा चेहरा उतरलाय. मी म्हणलं, वय झालं की उतरतोच, चढंल कसा.

अजिनाथला फोन केला. "जेवलास का?"

"जेवलो की. कालच लई झालंय, आज भूकच न्हाय."

"गुंडा बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. अक्का, तू का सारखी इचारतीस?"

"भाऊ हायस म्हणून इचारते, न्हायतर तुज्यासारखं येडं कोण इचारतंय."

नियमात तीन दिस हाईत. सोमवार, मंगळवार, बुधवार. उद्याचा दिस सरला की सरला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सरला. नवी कुटलीच मेली न्हाय. अजिनाथ बोलताना खाकरत व्हता जरा. धूळ लई हाय म्हणतो रानात.

हापिसात सरांची टोपी लपवली. अर्धा तास हुडकत व्हते. पूनम माज्यावर चिडली, पर मला आज हसू आलं बरं का. लई दिसांनी आल्यागत आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

"मानंवर पुळी आलीया अक्का. खाजतीया. दुखत न्हाय."

मी म्हणलं, किडा चावला असंल. रानात काय कमी किडं हाईत.

मग खुर्चीत बसले तर म्होरं तो कागद. रोज बघते, पर वाचत कुटं व्हते. आज वाचला. पुळी येती. खाज सुटती. दुखत न्हाय. मग मधी काळी पडती, भवती सूज येती.

फोन केला. म्हणलं, "तालुक्याला जा, डॉक्टरला दाखीव."

"काय सांगू तितं?"

हा काय सवाल झाला? मी फोन ठिवला. पदर खांद्याभवती आवळून घेतला. सर म्हणले, अव्वा, थंडी वाजते का, पंखा बंद करू? मी म्हणलं, करा. पंखा बंदच व्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेला न्हाय दवाखान्यात. गुंडानं बिब्बा लावला म्हणं मानंवर. आमच्यात काय बी झालं की बिब्बा. पायात काटा मोडला बिब्बा, गाठ आली बिब्बा.

मी वरडले. तो म्हणला, "तूच म्हणलीस की किडा हाय."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सोलापुरात आणला. गुंडानं एका टेम्पोत घातला आन् पाठवला. मी आन् पूनम मोठ्या दवाखान्यात वाट बघत हुबं. राजाबाई, त्याची बायको, करमाळ्याकडनं एसटीनं दुपारी पोचली, अंगावरच्या लुगड्यानिशी.

उतरला तवा वळखू आला न्हाय. मान न् खांदा एक झालेला. डोळं तांबडं. अंग तव्यावानी.

डॉक्टर तरणं पोरगं व्हतं, पळत व्हतं इकडनं तिकडं. मानंवरचं काळं बघून म्हणलं, "बिब्बा लावलाय का?"

"व्हय," राजाबाई म्हणली. "लावला म्हणत्यात."

"तरीच. बिब्ब्यानं भाजलंय हे. आधी काय झालं होतं?"

अजिनाथनं माज्याकडं बघितलं. डॉक्टरकडं न्हाय, बायकोकडं न्हाय. माज्याकडं.

"किडा," म्हणला.

"जनावर मेलं होतं का? कापलं वगैरे?"

"न्हाय."

डॉक्टरनं लिवलं. किडा, बिब्बा, जखम चिघळली. मी हुबी व्हते. चार हातावर हुबी व्हते वो. माज्या तोंडात जीभ व्हती. तापात बी त्याला कळत व्हतं काय बोलायचं न् काय न्हाय, आन् मला वाटलं, किती येडा हाय हा, डॉक्टरम्होरं खोटं बोलतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिवते. न्हायतर मी ते बदलून टाकीन डोक्यात.

सकाळी सूज गळ्याकडं उतरली. डॉक्टर म्हणले, श्वासनळीवर दाब आला तर गळ्यातनं नळी घालावी लागंल. औषध लागू पडत न्हाय म्हणजे निदानात काय तरी सुटतंय. राजाबाई भितीला डोस्कं टेकून बसलेली. पूनम म्हणली, "आई, माझ्याबरोबर चल." रविवार असून हापिस उघडलं. सर बी आले, लुंगीवरच.

पूनमनं मशीनला इचारलं, धोक्यातली माणसं कुटली? दोन नावं आली, दोन्ही दुसऱ्या तालुक्यातली. मामाचं न्हाय. तिनं परत इचारलं. न्हाय. तिचं ओठ पांढरं पडलं. म्हणली, "सर, माझा नियम चुकलाय. मी 'दोन किंवा जास्त'च्या जागी 'दोनपेक्षा जास्त' घातलं असणार. मामाची सगळी लक्षणं जुळतात आणि यादीत नाव नाही. माझ्या चुकीनं..."

सरांनी चष्मा लावून नियम वाचला. म्हणले, "बरोबर आहे की. दोन किंवा जास्तच आहे."

"मग तापाचा आकडा?"

"तोही बरोबर."

"मग का नाही येत नाव?" ती रडायला लागली वो. तुमची लेक कवा रडती का? तुमास्नी नेलं तवा बी माज्याम्होरं रडली न्हाय. खुर्चीत बसून हुंदकं देत व्हती, माझं काम चुकलं, माझं काम चुकलं.

सर म्हणले, "एक मेंढी मेली असं लिहिलंय, म्हणून न्हाई आलं. बघू, खात्री करू. एकाच्या जागी दोन टाक. नुसतं बघायला."

तिनं दोन टाकलं. आन् सुरी लावली का, त्या रकान्यात बी व्हय टाकून बघितलं.

धुळा, एवढा येळ सुद्धा लागला न्हाय. डोळं मिटून उघडूस्तवर मशीननं लिवलं. कळप संशयाचा. माणूस धोक्यातला : अजिनाथ. खाली तारीख, दहा नोव्हेंबर. म्हंजी सोमवारीच ह्याला कळलं असतं. सोमवारीच त्याला तासाभरात फोन गेला असता, औषध सुरू झालं असतं. पुळी यायच्या आदी.

कुणी 'धोका' हा शब्द लिवला न्हवता कुटं. फक्त एकाचं दोन केलं.

माज्या तोंडातनं निघालं, "दोनच मेल्या व्हत्या."

पूनमनं माज्याकडं मान फिरवली.

मी म्हणलं, "दुसरी देवाची व्हती. देवाची मोजत न्हाईत ग. म्हणून मी एक लिवलं."

"कापली?"

"कापली."

"तुला कधी कळलं?"

"त्यानंच सांगितलं. फोनवर."

"तू त्याला सांगितलं नव्हतंस, कापू नको म्हणून?"

मी म्हणलं, "सांगितलं की. सगळ्यास्नीच सांगते."

तिनं फोन उचलला, दवाखान्यात लावला, आन् मला इचारत इचारत उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोन मेल्या, ताप एवढा, रगत काळं, हातानं कापली, खांद्यावरनं वाहिली. तिकडनं मोठ्या डॉक्टरीणबाई बोलत व्हत्या. मला तिच्या पाठीवरची वेणी दिसत व्हती, बाकी काय दिसत न्हवतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

औषध बदललं. नमुना तपासायला गेलाय, पर त्याची वाट न बघता सुरू केलं. जनावरांचं डॉक्टर कळपाकडं गेलं. गुंडाला बी गोळ्या दिल्या, त्याला अजून काय झालं न्हाय. राहिलेल्या मेंढ्यांस्नी लस टोचली.

अजिनाथला येगळ्या खोलीत ठिवलंय. घरघर ऐकू येती दाराभाईर. मी त्या घरघरीचं आकडं मोजते. एक, दोन, तीन. मधी थांबली की माजं बी थांबतं.

राजाबाई म्हणती, "ह्यांना अक्कलच न्हाय वन्सं. मेलेली मेंढी दिसली की सुरी काढायची. किती येळा सांगितलं असंल तुमी, ऐकतोय कोण."

मी म्हणलं, "व्हय."

एवढंच म्हणलं. व्हय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मला वाटलं हापिसातनं काढत्याल. मीच म्हणलं, सर, मी उद्यापासनं येत न्हाय.

सरांनी मला खुर्ची दिली. त्यांचीच दिली. म्हणले, "अव्वा, चूक तुमची न्हाई. आमी तो रकाना पूर्ण आहे असं मशीनला सांगितलं, आणि देवाची मेंढी कुठं लिहायची हे तुमाला विचारलंच न्हाई. तुमी तर आदल्या शुक्रवारीच सांगितलं होतं की ती मोजत न्हाईत. ऐकून आमी हसलो. आमची चूक."

आन् पूनमनं नवा रकाना केला. देवाच्या, मेलेल्या. नियमात आता दोन्हीची बेरीज. सर म्हणले, ही गोष्ट कुटल्या पुस्तकात सापडली नसती, फुलाअव्वामुळं सापडली. वरच्या लोकांस्नी पत्रात माजं नाव लिवलंय. फुलाबाई, अनुभवी.

पूनमनं घरी आल्यावर माज्या पाठीवर हात ठिवला. म्हणली, "आई, मी तुझ्यावर रागावले नाही. तू तुझ्या रीतीप्रमाणं केलंस."

ह्या पोरीला मी भाकरी खायला शिकवलं, चालायला शिकवलं. माजं तोंड वाचायला शिकवायचं राहिलं. बरंच झालं. न्हाय, बरं न्हाय झालं.

जेवण जात न्हाय. तुमच्या फोटोकडं पाठ करून बसते. तुमी सगळं ऐकलेलं हाय, मी फोनवर हितंच, ह्याच खोलीत बोलले व्हते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नमुन्याचा कागद आला. काळपुळीच.

ताप उतरला न्हाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, दोन दिस उशीर अजून झाला असता तर हात जोडले असते आमी. दोन दिस. मी मनातल्या मनात त्या रविवारपासनं दिस मागं मोजले, दहा तारखंच्या सोमवारपतुर. सहा व्हतात.

आज हापिसात मला एक येगळीच भीती वाटली. मी मशीनम्होरं बसले तर वाटलं, आता ह्याला कुणी इचारलं, 'त्या दिवशी सकाळी फोनवर काय झालं?' तर हे सांगंल. कुणी लिवलं न्हाय, तरी. दोन मेल्या, ताप एवढा, कापली, आन् बाईनं एक लिवलं, आन् बाईला नियम म्हाईत व्हता. एवढ्यावरनं ह्याला काढता येणार न्हाय व्हय? मी पडद्यावर फडकं टाकलं. पूनम म्हणली, धूळ बसतीय का ग? मी म्हणलं, व्हय.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताप उतरला. काल रातच्यापासनं सूज बी कमी. डॉक्टरीणबाई म्हणल्या, धोका टळला, मानंवर वण राहील. राजाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली न् मग कँटीनमधनं एकदम चार वडं आणून खाल्लं. मला बी एक दिला. माज्या हातात तसाच गार झाला.

मला पाच मिनिटं आत सोडलं. तोंडाला फडकं बांधून. अजिनाथचं डोळं आता पांढरं हाईत. आवाज घोगरा.

मी म्हणलं, "काय रं, मेला न्हाईस व्हय? मी लुगडं काढून ठिवलं व्हतं, तुज्या दहाव्याला नेसायचं."

तो हसला, मग खोकला. मग हळूच म्हणला, "अक्का, राजी म्हणती, तू सांगितलंस दुसरी देवाची व्हती."

"व्हय."

"आपल्याकडं देवाची हायच कुटं? ती तर दोन सालामागं मेली."

मी फडकं नीट केलं. उगंच.

"मी काय बोललो न्हाय कुणाला," तो म्हणला. "डॉक्टरनं इचारलं, राजीनं इचारलं, पूनमनं बी काल इचारलं, मामा, आई नको म्हणली असताना का कापली? मी म्हणलं, माजीच बुद्धी फिरली. तू भिऊ नको."

तो मला म्हणतोय, भिऊ नको.

नर्सनं भाईर बोलावलं. दाराशी राजाबाई हुबी, आत बघून म्हणती, "आता तरी अक्कल आली का? बहिणीचं ऐकायला पायजे व्हतं." तो आतनं म्हणला, "व्हय, ऐकायला पायजे व्हतं."

मी घरी आले. चूल, म्हंजी गॅस, पेटवला न्हाय. ही वही काढली. दहा तारखंच्या पानावर मी चार ओळी लिवल्या हाईत, त्यातली एक बी धड खरी न्हाय. आता लिवते.

त्या सकाळी त्यानं मला इचारायला फोन केला व्हता. कळवायला न्हाय, इचारायला. म्हणला, "अक्का, दोन गेल्या. नाकातनं रगत येतंय, काळं हाय, गोठत न्हाय. तू हापिसात सांगतीस तसलंच दिसतंय. खड्डा घेतो, पुरतो, चाललं न्हवं?" त्याला सगळं बरोबर म्हाईत व्हतं.

मी हसले. मला वाटलं, माज्या हापिसाचं शब्द मलाच ऐकवतोय, लई शाना झालाय. म्हणलं, "भित्र्या, आबानं असल्या किती कापल्या, कोण मेलं? दोन मेंढ्यांचं मटान मातीत घालतोस? बायकूचं लुगडं नेस न् बस. काप, खा, आन् गुंडाला बी घाल." तो "बरं अक्का" म्हणला.

मग हापिसात बसले, म्होरं तो कागद दिसला, आन् कळलं की नाव यादीत गेलं की त्याला फोन जाईल, आन् फोनवर पयलं इचारत्याल, कुणी सांगितलं कापायला. म्हणून मी एक लिवलं. देवासाठी न्हाय. रीतीसाठी न्हाय.

आदल्या शुक्रवारी एकवीस जणास्नी मी सुरी लावू नका म्हणलं. बाविसावा माजा भाऊ व्हता, त्याला मी काप म्हणलं.